शंभरात सत्त्याण्णव माद्या

घाटकोपर,
२२ मे १९८६

काशीरामदादांना मालनचा सप्रेम जय भीम.

तुम्ही निवृत्त होऊन कुडाळला जाऊन बसलात, फणस खाताय, चांगलं आहे. इकडे माझी वाट लागली आहे. राग इतका आला आहे की अक्षर धड येत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

परवा मनोरीच्या मच्छीमार सोसायटीच्या बाया आपल्या अंधेरीच्या मत्स्यबीज केंद्राच्या फाटकावर आल्या. पुढे शेवंतीबाई, सोसायटीच्या चेअरमन. डोक्यावर घमेलं आणि घमेल्यात आपण जानेवारीत दिलेली चिलापी. बोटाएवढी वाढून थांबलेली. आपण त्यांना दोन हजार पिल्लं ‘फक्त नर’ म्हणून दिली होती. नर भराभर वाढतो, आणि तळ्यात मादी नसली की पोरवडा होत नाही, म्हणून तर त्या नर मागतात. शेवंतीबाईंनी साहेबांसमोर एका माशाचं तोंड दाबून उघडलं. आतून पंचवीस-तीस पिल्लं बाहेर सांडली. त्या म्हणाल्या, “यो तुमचा नर काय? पोरं तोंडान घेऊन फिरतंय! आमचं तलं किड्यांनी भरल्यासारं झालंय.”

घैसास साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट केलं. “नर-मादी ओळखून वेगळे करायचं काम या बाईचं. हिनंच घोळ घातलाय.”

दादा, जानेवारीत वाटपाच्या आदल्या दिवशी काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, तुम्ही ऑक्टोबरातच गेला होतात. मी पहिले शंभर मासे उताणे केले, पोटाखाली नीळ लावली. नराला दोन छिद्रं, मादीला तीन, आणि मधल्या आडव्या चिरेत नीळ भरते. तुम्हीच शिकवलेलं. शंभरात सत्त्याण्णव माद्या निघाल्या. मी धावत जाऊन साहेबांना सांगितलं, साहेब, यात नर नाहीतच. ते म्हणाले, “असं कधी होतं का? निम्मे-निम्मे असतात. तू डोळे तपासून घे.” दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते वाटपाचा कार्यक्रम होता. आहेत तसे टब भरायला लावले आणि कागदावर ‘नर बीज’ लिहिलं.

आता मला ‘कामात निष्काळजीपणा’ अशी नोटीस दिली आहे. मनोरीच्या सोसायटीलाही पत्र गेलंय की रोजंदारीवरील स्त्री कामगाराच्या चुकीमुळे असं झालं. पाच वर्षं रोजंदारी केली, यंदा कायम होणाऱ्यांच्या यादीत माझं नाव होतं, ते वगळलं. नीळ काढून घेतली आणि टाक्यांचं शेवाळ खरवडायला बसवलं.

तुम्ही साहेबांना चार ओळी लिहा. तुम्ही मला हे काम देण्याआधी परीक्षा घेतली होती, आठवतं? मी ओळखलेले शंभर मासे तुम्ही पोट फाडून तपासले होते. एकही चुकला नव्हता. एवढंच लिहा. तुमच्या शब्दाला तिथे किंमत आहे.

तुमची
मालन

•

मु. पो. कुडाळ,
४ जून १९८६

चि. मालन हीस काशीरामचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचून वाईट वाटलं. पण बाय, तुझा स्वभाव तापट, हे मी पाच वर्षं सांगत आलो. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. साहेब मोठा माणूस, परदेशात शिकून आलेला. त्यांना चार माणसांत खोटं पाडायला गेलीस तर ते तुला कायम कशाला करतील?

मी पत्र लिहिलं असतं. पण निवृत्त माणसाच्या पत्राला कोण विचारतो? त्यापेक्षा तू एक साधा माफीचा अर्ज दे. ‘नजरचुकीने झाले, पुढे होणार नाही’, एवढं पुरे. वर्षभरात लोक विसरतात.

एक सांगायचं राहिलं. पिल्लं काढतो त्या बीजतळ्यातले नर अजून तेच आहेत काय? म्हातारे झाले असतील. काढून टाकायला सांग आणि नवे आणायला लाव. जुने ठेवून उपयोग नसतो.

आमच्या जावईबापूंना, भीमराजला, आठवण सांग. आमचा पोरगा चंद्रप्रकाश तिथेच केंद्राच्या भांडारात लागलाय, कधी भेटला तर त्याला दोन शब्द सांग की रजा कमी घेत जा.

काशीराम

•

घाटकोपर,
१३ जून १९८६

काशीरामदादा,

जय भीम. माफीचा अर्ज? कशाची माफी मागू? मला दिसलं ते मी बोलले, याची?

तुमचं पत्र भीमराजनं वाचलं, तो म्हणाला, दे ना गं अर्ज, कायम होशील. त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही. अहो, अर्जात एकदा ‘नजरचूक’ लिहून दिलं की माझी नजर चुकते असं मीच सही करून दिल्यासारखं होईल. दादा, माझ्याकडे दुसरं आहे काय? शिक्षण सातवी. ना ओळख, ना वशिला. हे डोळे आणि ही बोटं. तेवढ्यावर मी त्या केंद्रात उभी आहे. तेच खोटे म्हणून लिहून देऊ?

असो. तुम्ही म्हणालात म्हणून बीजतळ्यातले नर बघायला गेले. शेवाळ काढायच्या निमित्तानं जाळं टाकलं. बारा माद्या आणि नर फक्त दोन. मला वाटलं होतं पाच-सहा तरी असतील. आणि एक गंमत बघा, दोन्ही नरांच्या शेपटीची खालची कड तिरकी वाढली आहे. कात्री मारलेली असली की ती परत वाढताना अशी वाकडी वाढते. खुणेसाठी अशी कात्री आपण फक्त औषधाच्या टाकीतल्या माशांना मारत होतो, साहेबांच्या त्या प्रयोगात, जिथं पिल्लांना नर करायचं औषध खाद्यातून चारलं होतं. पण ते दोनशेच्या दोनशे मासे प्रयोग संपल्यावर चुना घालून पुरले, अशी वहीत नोंद आहे. खाली तुमची सही आहे.

मग हे दोन कुठून आले? तुम्हाला काही आठवतंय का?

मालन

•

कुडाळ,
१ जुलै १९८६

चि. मालन,

पेरणीची घाई आहे म्हणून थोडक्यात. एका डोळ्यात मोतीबिंदू धरलाय, लिहिताना त्रास होतो.

मला काही आठवत नाही. मासे उड्या मारतात, टाकीतून टाकीत जातात, पावसाळ्यात तर हमखास. शेपटी काय, भांडणातही फाटते. दोन माशांच्या शेपट्यांवरून एवढं डोकं कशाला चालवतेस? पुरलेले पुरले.

आणि हे सगळं चंद्रप्रकाशच्या कानावर घालू नकोस. त्याची नोकरी नवी आहे. साहेबांनी माझ्याकडे बघून त्याला घेतलं.

काशीराम

•

घाटकोपर,
१४ सप्टेंबर १९८६

काशीरामदादांना जय भीम.

तुमच्या पत्राला अडीच महिने उत्तर दिलं नाही. मुद्दाम लिहिलं नाही. हातात काही असल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

माशांनी उड्या मारल्या म्हणता. औषधाच्या टाकीपासून बीजतळं पन्नास पावलं, मध्ये पाण्याची खोली आणि सायकल स्टँड. दादा, चिलापी मासा आहे, बेडूक नव्हे.

केंद्रात नंदा म्हणून एक मुलगी एम.एस्सी.चं काम करायला येते. जेवायला माझ्याजवळ बसते. तिला मी सगळं सांगितलं. ती आधी हसली नाही की ‘असं होतच नाही’ म्हणाली नाही. सगळं वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, “मालनताई, हे करून बघू या ना.” मागच्या बाजूला तिच्या तीन सिमेंटच्या टाक्या आहेत. एकीत शेपटी वाकडीवाला पहिला नर आणि दुसरीकडून आणलेल्या तीन माद्या. दुसरीत दुसरा नर, तशाच तीन माद्या. तिसरीत बाहेरून आणलेला साधा नर, त्याच्यासोबतही तीन. पिल्लं दोन इंचाची होईपर्यंत थांबलो. मग मी नीळ लावून ओळखायची, आणि नंदानं मला न दाखवता त्यांतल्या थोड्यांची पोटं फाडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची.

साध्या नराच्या पोरांत शंभरात अठ्ठेचाळीस नर, बावन्न माद्या. पहिल्या वाकड्या शेपटीच्या पोरांत अठ्ठ्याण्णव माद्या. दुसऱ्याच्या पोरांत सत्त्याण्णव. नंदानं जेवढी पोटं फाडली तेवढी सगळी माझ्याशी जुळली. मी तिच्या गळ्यात पडून रडले, सांगायला लाज कसली.

नंदानं मला समजावलं ते तुम्हाला सांगते, कारण तुमच्या उपयोगाचं आहे. या माशात पोर मुलगी की मुलगा, हे बापाच्या बीजावर ठरतं. बापाकडे दोन जातीचं बीज असतं, निम्मं मुलीचं, निम्मं मुलाचं. आईकडे एकच जातीचं. (हे आमच्या सासूबाईंना जाऊन सांग म्हटलं तिला. माणसातही तसंच आहे म्हणते! तीन मुली झाल्या म्हणून त्यांनी मला काय काय ऐकवलंय.) आता औषध चारलं ती पिल्लं मुळात निम्मी नर, निम्म्या माद्या होती. औषधानं माद्यासुद्धा नर झाल्या. रंग नराचा, अंड्यांसाठी खड्डा खणणं नराचं, पोटात नराचं दूध, नंदा त्याला वीर्य म्हणते. पण जन्माला येताना जे बीज घेऊन आल्या ते औषधानं बदलत नाही. दिसायला बाप, बीज मात्र दोन्हीकडून मुलीचंच. अशा बापाला मुलगा होणार कुठून? शंभरात दोन-तीन होतात, ते का होतात हे अजून कुणाला नीट कळलेलं नाही, असं ती म्हणाली.

म्हणजे बीजतळ्यात जे दोन नर होते ते जन्मानं माद्या होत्या. आणि जानेवारीत मी जे बोलले ते शंभर टक्के खरं होतं.

साहेबांकडे गेले तर म्हणाले, औषधाचे सगळे मासे पुरल्याची नोंद आहे, तुझी कथा कुणाला सांगतेस? म्हणजे आता अडलंय ते फक्त तुमच्या सहीपाशी.

दादा, मी काही खुळी नाही. ‘जुने नर काढून टाक’ असं तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतंत, तेव्हा कात्रीची गोष्ट मी तुम्हाला कळवलीही नव्हती. मी विचारलं नाही, कारण मला वाटत होतं तुम्ही स्वतः सांगाल. तीन महिने वाट बघितली. आता विचारते. ते दोन मासे तुम्ही टाकलेत का?

मालन

•

कुडाळ,
२६ सप्टेंबर १९८६

मालन,

होय. मी टाकले.

निरोपाच्या आठवड्यातली गोष्ट. साहेबांनी औषधाचे मासे पुरायला सांगितले होते. मी खड्डा काढला, चुना आणला. एकशे अठ्ठ्याण्णव पुरले. शेवटचे दोन सगळ्यांत मोठे. तळहाताहून मोठे, काळे कुळकुळीत, गळ्याखाली पांढरे. त्यांना मी नखाएवढे असल्यापासून खाऊ घातलं होतं. मी टाकीशी गेलो की वर यायचे. माझ्याने ते खड्ड्यात टाकवेनात. बादलीत ठेवले, म्हटलं, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी माझं निरोपाचं जेवण होतं. तूही होतीस. मी बीजतळ्याचा हवेचा पंप सुरू करायला विसरलो आणि शाल खांद्यावर घेऊन भाषण ऐकत बसलो. तीनच्या सुमाराला गेलो तर पाणी गढूळ, आणि सहाच्या सहा नर वर तरंगत होते. माद्या आकारानं लहान, त्या कशाबशा वाचल्या होत्या. अडतीस वर्षांच्या नोकरीत, आधी गिरणीत आणि मग केंद्रात, माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. ते सुद्धा निरोपाच्या दिवशी. सांगायची शरम वाटली. बादलीतले दोन तळ्यात सोडले. मला वाटलं, नर तो नर. औषधानं झाला काय नि आईच्या पोटातून आला काय, काम तेच करणार. वहीत दोनशे लिहिले आणि सही केली.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला ते दोन आठवले. बीजाचं मला कळत नव्हतं, पण घोळ त्या दोन माशांचाच असणार, एवढं कळलं. मग चंद्रप्रकाश डोळ्यांसमोर आला. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “त्या चेडवाचा पोट मारून तुमका काय गावतला?” पोरीची रोजी मारतोय असं म्हटलं म्हणून मी तिच्यावर खेकसलो. तुला माफी मागायला लिहिलं. खोटं लिहिलं. मोतीबिंदू पण नाही.

हे सगळं साहेबांना तोंडी सांगायला मी येतो. १४ ऑक्टोबरला पोचतो.

काशीराम

•

(पोस्टकार्ड)

कुडाळ,
१९ ऑक्टोबर १९८६

चि. मालन हीस आशीर्वाद. सुखरूप पोचलो. तुला भेटायला मागे आलो होतो, पण तू टाक्यांकडे होतीस आणि एस.टी. चुकली असती. सगळं गोड झालं! मी हात जोडून सांगितलं तर साहेब रागवायच्या ऐवजी उठून उभेच राहिले. म्हणाले, काशीराम, ही चूक नाही, हा शोध आहे, तुम्ही ते दोन मासे ठेवले नसते तर कळलंच नसतं. चहा मागवला. यावर निबंध लिहिणार आहेत, त्यात आभार मानताना माझं नाव घालणार आहेत. चंद्रप्रकाशचंही काही बिघडलं नाही. तुझ्यावरचं बालंट गेलं, आता निश्चिंत राहा. देवाक काळजी. काशीराम.

•

घाटकोपर,
९ नोव्हेंबर १९८६

काशीरामदादा,

तुमचं पोस्टकार्ड वाचून मी तीन आठवडे लिहायचं टाळलं, कारण लगेच लिहिलं असतं तर टपालवाल्यानं नेलं नसतं असं काहीतरी लिहिलं असतं.

सगळं गोड झालं? कुणाचं?

तुम्ही गेल्यावर दुसऱ्याच दिवशी साहेबांनी नंदाकडून आकडे मागवून घेतले. ‘सर्व-मादी बीज’ असा निबंध डिसेंबरात वाचायला ते जाणार आहेत. नंदाचं नाव दुसरं. आभारात तुम्ही. शंभर-शंभर करून तीन टाक्यांतले मासे उताणे कुणी केले, हे निबंधात कुठेच नाही. जाऊ दे, निबंध मला वाचता येणार नाही. पण मी कार्यालयात गेले आणि म्हटलं, माझी नोटीस मागे घ्या आणि यादीत नाव घाला. हेडक्लार्क म्हणाला, “प्रकरण बंद झालं ना बाई, आता काय?” बंद म्हणजे काय? तर चौकशी होणार नाही. म्हणजे फाईलमध्ये ‘निष्काळजीपणा’ तसाच. मनोरीला गेलेलं पत्रही तसंच. साहेबांकडे गेले तर म्हणाले, जुनं उकरू नकोस, एवढ्या चांगल्या कामाला गालबोट लागेल.

तुमची चूक शोध झाली, दादा. साहेबांची चूक निबंध झाली. मी न केलेली चूक तेवढी चूकच राहिली!

रविवारी मी मार्व्याहून तरीनं मनोरीला गेले. झाकणाच्या डब्यात एक वाकड्या शेपटीचा नर घेऊन गेले. विचारून नेला नाही, हेही लिहून ठेवते. शेवंतीबाई सुकट वाळत घालत होत्या. मला ओळखून म्हणाल्या, “तूच गो ती? आमच्या तल्याची वाट लावनारी?” मी त्यांच्यासमोर बसले आणि डब्यातला मासा त्यांच्या हातात दिला. मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. जानेवारीत मी धावत जाऊन काय बोलले, मला काय उत्तर मिळालं, टब कसे भरले. त्यांनी मासा उलटासुलटा करून पाहिला. नीळ लावून दाखवली तेव्हा त्यांनी तीनदा पाहिलं. मग घरात जाऊन सोसायटीचा शिक्का असलेले कागद घेऊन आल्या आणि सुनेला लिहायला बसवलं.

ते पत्र त्यांनी स्वतः अंधेरीला आणून दिलं. मी हजर होते. त्यात दोनच गोष्टी होत्या. पहिली अशी: आमचं तळं मालनबाईचा हात लागल्यामुळं बिघडलं नाही, तिचा हात लागू दिला नाही म्हणून बिघडलं. दुसरी: यापुढे तुमचं बीज तिच्या हातून निवडलेलं असेल तरच घेऊ, नाहीतर घेणार नाही, आणि का घेत नाही ते मत्स्यखात्यात जाऊन सांगू.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. निबंध डिसेंबरात आहे, त्याआधी खात्यात बोभाटा नको, हे त्यांना कुणी समजावून सांगायला लागलं नाही. काल नोटीस रद्द झाली. मनोरीला ‘पूर्वीचे पत्र मागे घेत आहोत’ असं गेलं. यादीत नाव आलं. माफी कुणी मागितली नाही. मला नीळ परत दिली ती शिपायाच्या हाती.

मग साहेबांनी बोलावलं. प्रयोग पुन्हा मोठ्या प्रमाणावर करायचा आहे, पाच हजार पिल्लं ओळखायची आहेत, कधी बसशील? मी म्हटलं, बसेन. पण पूर्वी मी शंभरात सत्त्याण्णव सांगितलं की ‘डोळे तपास’ म्हणायचात, तसं आता चालणार नाही. मी सांगेन तो आकडा वहीत चढायचा, तुम्हाला पटो न पटो. ते “बरं” म्हणाले.

हे झालं केंद्राचं. आता तुमचं.

तुम्ही आलात आणि खरं सांगितलंत, हे मी विसरणार नाही. पण त्या दिवशी तुम्ही साहेबांच्या खोलीत चहा पीत होतात आणि मी बाहेरच्या टाकीत गुडघाभर पाण्यात होते. खिडकीतून मी तुम्हाला दिसत होते. एकदाही तुमच्या तोंडून निघालं नाही की साहेब, ती पोर खरं बोलत होती, तिला आत बोलवा. एस.टी. चुकेल म्हणून तुम्ही मला न भेटता गेलात. एस.टी. रोज सुटते, दादा.

माझ्या मोठीनं परवा विचारलं, काशीरामआजोबा वाईट आहेत का गं? मी नाही म्हटलं. खरंच नाहीत. ज्या माणसाला दोन मासे मारवले नाहीत तो वाईट कसा असेल? ते दोन वाचवायला तुम्हाला एक क्षण लागला. मला वाचवायला पाच महिने लागले, आणि तेही अर्धंच.

मालन